खाते निघाले, पण व्यवहार कोणाच्या हातात? कोल्हापूर जिल्ह्यातील घरे आणि बँक

कोल्हापूर जिल्ह्यात बँकांची वानवा आहे असे कोणी म्हणणार नाही. शहरात शाहूपुरी आणि लक्ष्मीपुरीत पाटीला पाटी लागून बँका आहेत, गावोगावी विकास सेवा सोसायट्या आहेत, तालुक्यांच्या ठिकाणी जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या शाखा आहेत आणि पतसंस्था तर पेठेपेठेत आहेत. आज देशभर शाखा असलेली आरबीएल ही खासगी बँकसुद्धा १९४३ मध्ये ‘रत्नाकर बँक’ या नावाने कोल्हापुरातच सुरू झाली. एवढे सगळे असताना याच जिल्ह्यातल्या कित्येक घरांना पंधराशे रुपये काढण्यासाठी दिवसाची मजुरी का बुडवावी लागते, आजारपणासाठी दहा हजार रुपये खासगी सावकाराकडूनच का आणावे लागतात, आणि नावावर दोन-दोन खाती असूनही ‘पैसे आले नाहीत’ म्हणत बायकांना रांगेत का उभे राहावे लागते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

उत्तराचा मोठा भाग इथल्या बँकव्यवहाराच्या जडणघडणीत आहे. कोल्हापूरच्या शेतकरी घरात बँक आली ती ऊस आणि दुधाच्या वाटेने. सेवा सोसायटीच्या सभासदाला पीककर्ज सोसायटीमार्फत मिळते, त्यासाठीचा पैसा जिल्हा बँक पुरवते, ऊस कारखान्याला जातो, उसाचे बिल बँकेत जमा होते आणि सोसायटीचे देणे त्यातूनच कापून घेतले जाते. वर्ष संपताना जुने कर्ज भरून लगेच नवे उचलायचे, म्हणजे ‘नवे-जुने’ करायचे, ही रीत इथे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. ती मुदत दरवेळी पाळली जात नसली, तरी पैसे कुठून येणार आणि कोणत्या खात्यात पडणार याबद्दल शेतकऱ्याच्या मनात शंका नसते. दुधाचे तसेच आहे. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल निघते, त्यातून पशुखाद्याचे पैसे वजा होतात आणि उरलेली रक्कम हातात किंवा खात्यात येते.

म्हणजे ज्या घराकडे सातबारा आहे आणि गोठ्यात म्हैस आहे, त्या घराला बँक शोधत जावे लागले नाही. माल विकण्याच्या ओघातच ती घरात आली, पुढे ट्रॅक्टरचे कर्ज आणि मुलाच्या शिक्षणाचे कर्जही त्याच ओळखीतून मिळत गेले. ज्यांच्याकडे हे दोन्ही नाही, त्यांच्यासाठी मात्र ही वाट बंद आहे. दुसऱ्याचे रान फाळ्याने कसणारा शेतकरी घाम स्वतःचा गाळतो, पण सातबारा मालकाच्या नावाचा असल्यामुळे सोसायटीच्या लेखी तो शेतकरी ठरत नाही. इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, हंगामापुरता बीडकडून आलेला ऊसतोड मजूर, गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरचे कुटुंब, शहरातल्या झोपडपट्टीत राहून धुणीभांडी करणाऱ्या बाई, हे सगळे या ऊस-दुधाच्या साखळीच्या बाहेर आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची खाती आता निघाली आहेत. परंतु घरातला पैसा घराच्या मर्जीने आणि परवडेल एवढ्या खर्चात बँकेतून ये-जा करू शकतो का, हे तपासायला कोणी जात नाही, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला कळीचा मुद्दा तोच आहे.

साध्या खात्यात काय काय मिळते

गरीब घरांसाठी किमान शिल्लक न मागणारे खाते असावे, असे रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना सांगितले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचे रूप बदलून ‘मूलभूत बचत खाते’ आले. या खात्यात एक रुपयाही ठेवला नाही तरी दंड नाही, एटीएम कार्ड मोफत, आणि पैसे भरण्यावर शुल्क नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाली, ती याच खात्याच्या पायावर. जनधनमध्ये त्यावर रुपे कार्ड, अपघात विमा आणि ओव्हरड्राफ्ट म्हणजे खात्यात शिल्लक नसताना काही रक्कम उचलण्याची सोय, अशी भर पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेला ११ वर्षे झाली तेव्हा देशात अशी ५६ कोटींहून अधिक खाती होती आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक महिलांच्या नावावर होती.

हे यश लहान नाही. जागतिक बँकेच्या पाहणीत २०११ मध्ये भारतातल्या प्रौढांपैकी केवळ ३५ टक्क्यांकडे खाते होते, २०२१ मध्ये ते प्रमाण ७८ टक्क्यांवर गेले. परंतु त्याच २०२१ च्या पाहणीत असेही दिसले की खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी वर्षभरात खात्यात पैसे भरले नव्हते की काढले नव्हते. खाते निघाले, पासबुक ट्रंकेत गेले आणि घरचा व्यवहार रोखीत चालूच राहिला.

या खात्यातल्या ज्या सोयी सहसा कोणी समजावून सांगत नाही, त्या इथे सांगतो. ज्याच्याकडे एकही सरकारी ओळखपत्र नाही, त्यालाही ‘छोटे खाते’ उघडता येते; बँक अधिकाऱ्यासमोर स्वतःचा फोटो साक्षांकित करून सही किंवा अंगठा दिला की पुरते. त्याला मर्यादा आहेत: शिल्लक ५०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, वर्षभरातली एकूण जमा एक लाखापेक्षा जास्त नको, महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाहीत, आणि १२ महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवला तर आणखी १२ महिने मुदत मिळते. ओळखपत्रांत आधार आणि मतदार कार्डाबरोबर रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते. आधारवर गावाकडचा पत्ता असेल आणि इचलकरंजीत भाड्याच्या खोलीत राहत असाल, तर आधारच्या ई-केवायसीने खाते उघडताना सध्याचा पत्ता स्वतःच्या घोषणापत्राने देता येतो. घरमालक भाडेकरार करून देत नाही म्हणून खाते उघडता येत नाही, ही अडचण नियमात नाही. ती काउंटरवर तयार होते.

अपघात विम्याचीही एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्यांवर रुपे कार्डाचा अपघात विमा दोन लाखांचा आहे, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत त्या कार्डावर किमान एक व्यवहार झालेला असला पाहिजे. कार्ड डब्यात जपून ठेवणाऱ्या घराला म्हणून हा विमा मिळत नाही. ओव्हरड्राफ्टची कमाल मर्यादा १०,००० रुपये आहे, त्यातले २,००० रुपयांपर्यंत विनाअट मिळू शकतात, आणि घरातल्या एकाच व्यक्तीला, शक्यतो बाईला, ही सोय देण्याचे धोरण आहे. खाते सहा महिने नीट चालवलेले असावे, ही त्यातली मुख्य अपेक्षा. शाखेत जाऊन लेखी मागितल्याशिवाय ही सोय आपणहून दारात येत नाही.

खाते गोठते तेव्हा

दोन वर्षे ग्राहकाने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते, मात्र खातेदाराचा किंवा वारसाचा त्या रकमेवरचा हक्क संपत नाही. अशी रक्कम शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, आणि शिल्लक कमी आहे म्हणून त्या खात्यावर दंडही लावता येत नाही.

याहून अधिक घरांना बसणारा फटका केवायसीचा आहे. कमी जोखमीच्या खात्यांची ओळख दर दहा वर्षांनी पुन्हा पडताळायची असते. २०१४-१५ मध्ये शिबिरे भरवून उघडलेल्या जनधन खात्यांची दहा वर्षे एकाच सुमारास भरली, आणि एक दिवस अंगठा लावूनही पैसे निघेनात. त्यासाठी १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायत पातळीवर शिबिरे घेण्यात आली. जे राहून गेले, त्यांच्यासाठीही नियम सोपा आहे: पत्ता किंवा अन्य काही बदलले नसेल तर तसे स्वतःचे लेखी निवेदन पुरते, आणि जून २०२५ पासून हे काम बँक मित्राकडेही, म्हणजे बँकेने गावात नेमलेल्या प्रतिनिधीकडेही, करून घेता येते. पुरात कागदपत्रे भिजून गेलेल्या शिरोळ-करवीरमधल्या घरांनी तर आधारची नवी प्रत काढून घेऊन हे काम आधी उरकावे, कारण २०१९ आणि २०२१ प्रमाणे पुन्हा पाणी आले तर सरकारी मदत खात्यातच येणार आहे आणि त्या आठवड्यात खाते गोठलेले असणे घराला परवडणारे नाही.

वाडीपासून शाखेपर्यंत

डोंगरी भागातली अडचण सांगायला सोपी आणि सोडवायला कठीण आहे. शाखा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी, एसटी दिवसातून मोजक्या वेळी, आणि गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसात कधी रस्ता बंद तर कधी शाखेत ‘नेट नाही’. निराधार पेन्शन काढायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर घरातले आणखी कोणी तरी जाते, म्हणजे दोघांचे भाडे आणि एकाची मजुरी खर्ची पडते. थोडी थोडी रक्कम काढणे परवडत नाही म्हणून आलेले सगळे पैसे एकदम काढले जातात, आणि मग त्या खात्यात बचत राहणार तरी कशी? गरिबाला बचतीची सवय नाही, असे बोलणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

यावर उपाय म्हणून २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना गावात प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. त्यालाच आपण बँक मित्र म्हणतो. त्याच्याकडे आधारवर चालणाऱ्या व्यवहाराचे यंत्र असते, आणि खाते कोणत्याही बँकेचे असले तरी आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे काढता येतात. एका वेळची मर्यादा १०,००० रुपये आहे. बीडच्या शाखेत खाते असलेल्या ऊसतोड मजुराला कागलच्या फडावर असताना घरच्या खात्यातले पैसे काढता येतात ते यामुळेच. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर सगळा हंगाम काढणाऱ्या जोडप्यासाठी ही सोय मोलाची आहे, कारण हाताशी स्वतःचे पैसे असले की दर आठवड्याच्या बाजारासाठी मुकादमापुढे हात पसरावा लागत नाही.

हा व्यवहार एकदा जवळून पाहावा. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल असते, त्यावर मुठीत मावणारे ठसे घेण्याचे यंत्र. पासष्टीच्या एक आजी घड्या पडून विरलेली आधारची झेरॉक्स पुढे करतात. चालक क्रमांक टाकतो, बँक निवडतो, रक्कम टाकतो आणि आजींचे बोट काचेवर ठेवतो. यंत्र ठसा घेत नाही. आजी बोट पदराला पुसतात, दुसरे बोट लावून पाहतात, चालक काच पुसतो, मग बोटाला जरा ओल लावतात. आयुष्यभर ऊस बांधलेल्या, भाताची लावण केलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. फौंड्रीतल्या वाळूत काम करणाऱ्याची आणि धुण्याच्या सोड्यात हात घालणाऱ्या बाईची गत तीच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधी व्यवहार होतो, कधी ‘उद्या या’ असे ऐकावे लागते. दहाही बोटे वापरता येतात, एकच अंगठा लावत बसण्याची गरज नाही. आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवून घेता येतात. आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने आता चेहरा ओळखून व्यवहार करण्याची सोयही सुरू केली आहे. ही टपाल खात्याची बँक १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली आणि तिचा पोस्टमन यंत्र घेऊन घरापर्यंत येऊ शकतो. मात्र पेमेंट बँकेला कर्ज देण्याची परवानगी नसते, हे खाते निवडताना ध्यानात असावे.

फसवणूक होते ती याच टेबलावर. ‘ठसा लागला नाही’ असे सांगून दुसऱ्यांदा बोट घेतले जाते आणि दोन्ही व्यवहार झालेले असतात, किंवा दोन हजार काढून हातात दीड हजार दिले जातात. म्हणून प्रत्येक वेळी, अगदी व्यवहार फसला तरीही, पावती मागावी, आणि खात्याला स्वतःचा चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असावा. मुलाचा, शेजाऱ्याचा किंवा बंद पडलेला क्रमांक असेल, तर पैसे गेल्याचा संदेश भलत्याच ठिकाणी जातो. बँकेच्या वतीने दिलेल्या सेवेसाठी बँक मित्राला परस्पर ग्राहकाकडून पैसे घेता येत नाहीत, तरीही शंभरामागे काही रुपये कापून घेण्याची रीत काही ठिकाणी पडली आहे. यात एक अडचण बँक मित्राचीही आहे: त्याला मिळणारे कमिशन इतके तुटपुंजे असते की दुकानभाडे, नेट आणि रोख आणण्याचा खर्च भागत नाही. त्याला धड मोबदला दिल्याशिवाय वाडीवर प्रामाणिक माणूस टिकणार नाही, आणि ही जबाबदारी बँकांची आहे, वाडीची नव्हे.

आधार जोडले, तरी पैसे दुसरीकडे का जातात

२०२४ च्या उन्हाळ्यानंतर हा प्रश्न घराघरात पोहोचला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून खात्यात येऊ लागले, आणि ‘आधार लिंक आहे तरी पैसे नाहीत’ अशी तक्रार जिकडे तिकडे ऐकू येऊ लागली. यातले कोडे एकदा सुटले की पुढचे हेलपाटे वाचतात.

बँकेत आधार देण्याची कामे दोन आहेत. पहिले ओळख पटवण्याचे: क्रमांक खात्याच्या नोंदीत लिहिला जातो. असे आधार कितीही खात्यांना देता येते. दुसरे काम सरकारी पैसा कोणत्या बँकेत पाठवायचा हे ठरवण्याचे. त्यासाठी राष्ट्रीय देयके महामंडळाकडे एक यादी असते आणि त्या यादीत एका आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचे नाव असते. नव्या बँकेत जाऊन तिथे पैसे यावेत अशी संमती दिली की आधीच्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे येते. सरकारी योजनेचा पैसा खाते क्रमांक पाहून जात नाही, या यादीतली बँक पाहून जातो.

समजा, एका बाईंचे दुधाच्या बिलासाठी जिल्हा बँकेत खाते आहे, २०१५ मध्ये राष्ट्रीयीकृत बँकेत जनधन खाते उघडले गेले आणि लाडकी बहीणच्या घाईत पोस्टात तिसरे निघाले. पोस्टातल्या खात्याशी आधार या दुसऱ्या अर्थाने जोडले गेल्यामुळे लाडकी बहीणचे पैसे तिकडे गेलेच, पण गॅसचे अनुदानही त्याच खात्यात जाऊ लागले. बाई मात्र जनधनचे पासबुक भरून घेऊन ‘अनुदान बंद झाले’ म्हणत होत्या. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, हे ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपी टाकून पाहता येते. महा ई-सेवा केंद्रातही कोणी ते दाखवू शकतो. ते पाहिल्याशिवाय नवे खाते उघडू नये, एवढेच यातून घ्यायचे.

पासबुक बाईच्या नावावर, कार्ड कोणाकडे

जनधनची निम्म्याहून अधिक खाती महिलांची आहेत, लाडकी बहीणचे पैसे महिलांच्याच खात्यात येतात. तरीही घरात विचारले तर एटीएम कार्ड आणि पिन बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. शेण काढणे, वैरण घालणे आणि धार काढणे ही कामे बाईची, पण डेअरीचे सभासदत्व पुरुषाच्या नावावर, त्यामुळे बिल त्याच्या खात्यात. घर म्हणून पाहिले तर हे घर बँकेशी जोडलेले दिसते. बाईच्या बाजूने पाहिले तर तिच्या श्रमाचा रुपया तिच्या नावाने कधी नोंदलाच जात नाही. डेअरीत तिच्या नावाने सभासदत्व घेऊन बिल तिच्या खात्यात वळवणे, ही माझ्या मते या जिल्ह्यातल्या घरांना आज सहज करता येण्यासारखी सगळ्यात मोठी सुधारणा आहे, कारण दहा-दहा दिवसांनी पडणाऱ्या नियमित जमेची नोंद हाच पुढे कर्ज मागताना तिचा पुरावा ठरतो.

बचत गटाने याच बाबतीत मोठे काम केले आहे. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा-पंधरा जणी दरमहा ठरावीक बचत करतात, त्यातून आपापसांत कर्ज देतात, आणि सहा महिने हिशेब नीट राहिला की बँक गटाला कर्ज देते. १० लाख रुपयांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेने तारण मागायचे नाही. अंतर्गत कर्जावर महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के व्याज अनेक गटांत असते. हा दर हलका नाही, पण ते व्याज गटातच राहते आणि वाटपाच्या वेळी त्याच बायकांना परत मिळते.

पिग्मी, पतसंस्था आणि पाच लाखांचा विमा

रोज थोडे बाजूला टाकण्याची पिग्मी ही पद्धत १९२८ मध्ये दक्षिण कर्नाटकातल्या उडुपीकडे सिंडिकेट बँकेने सुरू केली, आणि ती कोल्हापुरात इतकी रुजली की भाजी मंडईपासून चप्पल ओळीपर्यंत एजंटाची फेरी चुकत नाही. ज्याची कमाई रोजची आहे, त्याच्यापाशी रोज येणारा एजंट शाखेपेक्षा उपयोगी पडतो, हे मान्यच केले पाहिजे. पतसंस्थेत सोनेतारण कर्ज तासाभरात मिळते आणि व्यवस्थापक तोंडओळखीचा असतो.

फक्त एक फरक पैसे ठेवण्याआधी माहीत असला पाहिजे. व्यापारी बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा बँक यांतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्था ही बँक नाही. ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली सहकार खात्याच्या देखरेखीत चालते आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. म्हणून रोजची पिग्मी सोयीच्या ठिकाणी ठेवावी, पण ती साठून मुलीच्या लग्नाएवढी किंवा घराच्या स्लॅबएवढी झाली, की विमा असलेल्या बँकेत हलवावी. एजंटाने दिलेली पावती आणि संस्थेच्या वहीतली नोंद अधूनमधून स्वतः शाखेत जाऊन ताडून पाहावी.

कर्जाच्या दारात

बँकसेवा खरोखर पोहोचली का, याची परीक्षा कर्जाच्या वेळी होते. सातबारा असलेल्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास राज्याच्या व्याज सवलतीमुळे जवळजवळ बिनव्याजी पडते. सातबारा नसलेल्याला तेच पैसे सावकाराकडून ‘शेकडा दहा’ने मिळतात. हा दर महिन्याचा असतो, म्हणजे दहा हजारांवर महिन्याला हजार रुपये, आणि वर्षाला १२,००० रुपये व्याज भरूनही मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, आणि त्याखाली ठरलेला दर परवानाधारक सावकारासाठीही बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे त्याच दहा हजारांवर वर्षाला १,८०० रुपये. शेतकऱ्याला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के. बेकायदा सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते, आणि सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे.

मधल्या जागेत मायक्रोफायनान्स कंपन्या आल्या. त्यांनी विनातारण कर्ज गल्लीत आणले हे खरे, पण एका घरात तीन-तीन कंपन्यांचे हप्ते झाले की एकाचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेतले जाते. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ पासूनचे नियम असे आहेत: वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज या प्रकारात येते, घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करण्यास किंवा दारात येण्यास मनाई आहे. व्याजदराला मात्र वरची मर्यादा नाही, म्हणून दर विचारताना तो घटत्या शिलकीवर आहे की सरसकट, हे विचारावेच. तीस हजारांवर ‘१२ टक्के सरसकट’ म्हणजे वर्षभर दरमहा २,८०० रुपये हप्ता. मुद्दल दर महिन्याला कमी होत असते, पण व्याज पहिल्या दिवसाच्या तीस हजारांवरच धरलेले असते, त्यामुळे प्रत्यक्षात तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो.

फाळेकरी आणि भूमिहीन शेतमजुरांना चार ते दहा जणांचा ‘संयुक्त दायित्व गट’ करून बँकेकडे कर्ज मागता येते. एकमेकांची हमी हेच त्यातले तारण. या मार्गाने शाखेत जाणारे अजून थोडे आहेत, आणि गेलेल्यांना ‘सातबारा आणा’ असे सांगून परत पाठवले जाते. अशा वेळी नकार लेखी मागावा.

दाद कुठे मागायची

परवानगीशिवाय पैसे गेले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवावे. चूक ग्राहकाची नसेल तर त्याच्यावर भार येत नाही. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सत्तरी ओलांडलेल्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे निर्देश २०१७ पासून आहेत, त्यासाठी शाखेत अर्ज द्यावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. जुन्या खात्यांत ती जागा कोरी राहिली असेल, तर पासबुक भरून घ्यायला जाल तेव्हाच तो अर्ज देऊन यावा.

वाडीवर बँक मित्रच नाही, किंवा आहे तो महिन्यातून दोनदाच येतो, ही तक्रार मात्र एका शाखेच्या आवाक्यातली नसते. १९६९ च्या अग्रणी बँक योजनेनुसार प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे असते, कोल्हापूरसाठी ती बँक ऑफ इंडिया आहे. तिचा अग्रणी जिल्हा व्यवस्थापक आणि जिल्हाधिकारी दर तिमाहीला सर्व बँकांची बैठक घेतात, आणि कोणत्या गावात सेवा पोहोचलेली नाही हा त्या बैठकीच्या कामाचा भाग असतो. ग्रामसभेत ठराव करावा, त्यात जवळची शाखा किती किलोमीटरवर आहे, एसटी केव्हा असते, गेल्या तीन महिन्यांत बँक मित्र कोणत्या तारखांना आला आणि किती जणांचे ठसे लागले नाहीत, हे नोंदवावे, आणि तो ठराव ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह अग्रणी बँकेच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी.